पोटातलं विरजण: जपायचं कसं आणि बिघडतं कशानं

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात गवळी दूध घालायचा. एकदा सलग दोन दिवस दही लागलंच नाही. आजीनं आधी विरजणाला दोष दिला, शेजारच्या काकूंकडून वाटीभर नवं आणलं. तरी सकाळी पातेल्यात जसंच्या तसं दूध. तिसऱ्या दिवशी तिनं गवळ्याला जिन्यातच गाठलं. "म्हशीला काय टोचलंत?" तो जरा घुटमळला, मग म्हणाला, कासेला दगडी झाली होती, जनावरांच्या डॉक्टरांनी पेनिसिलिन दिलंय. आजीनं आठवडाभर त्या म्हशीचं दूध बंद केलं आणि विषय संपला.

पुढे कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकताना कळलं, की दही लावणारे स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलससारखे जिवाणू पेनिसिलिनला फार लवकर बळी पडतात. डेअऱ्यांमध्ये दुधातला अँटिबायोटिकचा अंश तपासायच्या काही चाचण्या याच तत्त्वावर चालतात: दुधात जिवाणू सोडायचे आणि वाढतात का ते बघायचं. आजीची चाचणी पातेल्यातली होती, एवढाच फरक.

हे आठवायचं कारण म्हणजे हल्ली जो तो 'गट हेल्थ'बद्दल, म्हणजे आतड्याच्या आरोग्याबद्दल, बोलतो आणि त्यातलं निम्मं बोलणं काहीतरी विकण्यासाठी असतं. गंमत अशी, की आपल्या आतड्यातली सूक्ष्मजीवांची वस्ती, म्हणजे मायक्रोबायोम, सांभाळायला लागणारं बहुतेक सामान पुण्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात आणि मंडईत आहे. अडचण दोनच ठिकाणी येते: त्या वस्तीला आपण पुरेसं खाऊ घालत नाही आणि कारण नसताना तिच्यावर औषधांचा मारा करतो. हा लेख त्या दोन्हींबद्दल आहे, करायच्या क्रमानं.

आधी थोडं: ही मंडळी करतात काय?

'शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू' हे वाक्य अजून फिरतं, पण ते जुनं झालं. २०१६ साली इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांच्या गटानं नव्यानं हिशेब मांडला: आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी, जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी. म्हणजे जवळपास बरोबरी. सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून पाव किलोही भरत नाही. जठरात आम्ल असल्यामुळे तिथे फारसं कोणी टिकत नाही, लहान आतड्यात विरळ वस्ती, आणि खरी दाटी मोठ्या आतड्यात.

तिथे पोचतं ते आपल्याला न पचलेलं अन्न, मुख्यतः तंतू (फायबर): कोंडा, साली, डाळींमधल्या काही साखरा, थंड भातातला पिष्टाचा एक भाग. जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून तीन लहान आम्लं तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यातल्या ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. त्यांची बहुतांश ऊर्जा तिथूनच येते. शिवाय ही वस्ती के जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वं बनवते, रोगप्रतिकारक पेशींना आपलं-परकं ओळखायला शिकवते, आणि नुसती जागा अडवून बसते. हे शेवटचं काम साधं वाटतं, पण सकाळच्या पीएमटी बसमध्ये बसायला जागा नसली की खिसेकापूलाही दारात लटकावं लागतं, तसंच आहे ते. बाहेरून आलेल्या रोगजंतूला पाय टेकवायला जागा मिळत नाही.

आणि उपाशी ठेवलं तर? उंदरांवरच्या प्रयोगात तंतू पूर्ण बंद केल्यावर त्याच जिवाणूंनी आतड्याच्या आतला चिकट संरक्षक थर खायला सुरुवात केली. तो थर पातळ झाला आणि रोगजंतूंचं फावलं.

'आनंदाचं रसायन सेरोटोनिन ९० टक्के पोटात बनतं, म्हणून दही खा आणि खूश राहा' असंही ऐकाल. पहिला भाग खरा आहे. पण पोटातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. ते आतड्याच्या हालचालीसारखी कामं करतं. पोट आणि मेंदू यांच्यात बोलणं चालतं हे नक्की, पण उदासीनतेवरचं औषध म्हणून कोणी बाटली विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं लिहून काढा

काहीही बदलण्याआधी सात दिवस एका वहीत दोन गोष्टी लिहा. एक, पोटात गेलेल्या वेगवेगळ्या वनस्पती: धान्य, डाळ, भाजी, फळ, तेलबिया, सगळं. तीच तूरडाळ सात दिवस खाल्ली तरी मोजायची एकदाच. दोन, शौचाचं स्वरूप. लाजू नका. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी यासाठी सात प्रकारांचा एक तक्ता केला आहे, तो जगभर वापरतात: पहिला प्रकार म्हणजे लेंड्यांसारखे सुटे कडक खडे, सातवा म्हणजे निव्वळ पाणी, आणि मधला तिसरा-चौथा, केळ्यासारखा सलग, तो उत्तम.

मी हा उद्योग पहिल्यांदा केला तेव्हा माझी यादी १३ वर अडली होती, आणि मी स्वतःला भाज्या खाणारी समजत होते! पोळी, भात, तूरडाळ, बटाटा, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, आणि मग आलटून पालटून तेच. अमेरिकेतल्या एका मोठ्या लोकसहभागाच्या प्रकल्पात २०१८ साली असं दिसलं, की आठवड्याला ३० हून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यातली वस्ती १० किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त विविध होती. ३० हा काही मंत्र नाही, पण रोख बरोबर आहे. प्रत्येक जिवाणूची जेवणाची आवड वेगळी; एकच पदार्थ वाढला तर एकाच पंगतीचं पोट भरतं.

दुसरी पायरी: तंतू वाढवा, पण जिना चढल्यासारखे

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतू सांगितले आहेत, तेही अन्नातून मिळालेले. घरच्या ताटात हे कसं दिसतं? १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू, बाजरीत आणि नाचणीत ११ च्या आसपास, पॉलिशच्या पांढऱ्या तांदळात ३ पेक्षा कमी. म्हणजे ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी ५ ग्रॅम देते आणि तेवढ्याच तांदळाचा भात दीड ग्रॅमही देत नाही. अख्ख्या हरभऱ्यात १०० ग्रॅमला २५, अख्ख्या मुगात १७. पेरू तर लपलेला हिरो आहे, १०० ग्रॅमला ८ च्या पुढे, आणि तो बियांसकट खायचा.

हे वाचून उद्याच तीन वाट्या मटकीची उसळ खाऊ नका. ज्या पोटाला सवय नाही तिथे इतका माल एकदम उतरला की वायू, फुगारा, कळा, आणि मग "मला कडधान्यं सोसत नाहीत" असा कायमचा शिक्का. जिवाणूंची संख्या खाण्याप्रमाणे वाढते, तिला वेळ लागतो. मी लोकांना असं सांगते:

पहिल्या आठवड्यात फक्त धान्य बदला. दुपारच्या दोन पोळ्यांऐवजी एक पोळी, एक भाकरी. कणीक चाळत असाल तर चाळण बाजूला ठेवा; चाळणीत उरतं तेच तर द्यायचं आहे.

दुसऱ्या आठवड्यात रोज अर्धी वाटी उसळ. कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, मोड आणा, मग शिजवा. वायू करणाऱ्या साखरांचा काही भाग भिजवणीच्या पाण्यात जातो आणि काही मोड येताना खर्च होतो. आजीच्या हातची मटकी बाधत नसे त्याचं कारण हे. घाईत न भिजवता कुकरला लावलेला राजमा बाधतो त्याचंही हेच. सुरुवात मुगापासून करा, हरभरा-वाटाणा नंतर.

तिसऱ्या आठवड्यात पालेभाजी आणि सालीसकट फळ. मंडईत गेलात तर मेथी-पालकाच्या पलीकडे बघा: चाकवत, चुका, अंबाडी, माठ, शेपू, हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला. आठवड्याला दोन नव्या जुड्या घेतल्या तरी यादी भराभर वाढते.

चौथ्यात तेलबिया: जवसाची चटणी, कारळ्याची, तीळ. आणि थालीपीठ. भाजणीचा डबा म्हणजे विविधतेचा तयार मसाला आहे. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धणे, जिरे. एका थालीपिठात आठ नावं येतात. वर कांदा आणि कोथिंबीर.

पाणी त्या प्रमाणात वाढवा, नाहीतर तंतू आतच सुकून बद्धकोष्ठ उलटं वाढतं. त्रास झाला तर एक पायरी खाली उतरा आणि आठवडाभर तिथेच थांबा.

इसबगोलाबद्दल विचारणारे बरेच असतात. शौच सुधारायला ते उत्तम, पण जिवाणू ते फारसं आंबवत नाहीत, म्हणूनच त्यानं वायूही कमी होतो. थोडक्यात, ते झाडू आहे, जेवण नव्हे. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि इतर औषधांपासून दोन तास लांब ठेवा.

उपासाचंही एक सांगते, कुणाला राग आला तरी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात जिवाणूंसाठी काही नाही. दाण्याच्या कुटानं खिचडीची थोडी लाज राखली जाते. राजगिरा, वरी, रताळं आणि काकडीची कोशिंबीर घेतलीत तर उपास देवालाही चालतो आणि आतड्यालाही.

किडनीचा आजार, आतड्याची शस्त्रक्रिया किंवा क्रोन्ससारखा आतड्याचा दाह असेल तर हा जिना डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढू नका. ज्यांना आतड्याच्या संवेदनशीलतेचा जुना त्रास आहे त्यांना कांदा, लसूण, गहू, कडधान्यं खरोखर बाधू शकतात. त्यांनी आहारतज्ज्ञाबरोबर एकेक पदार्थ तपासावा.

तिसरी पायरी: आंबवलेलं रोज, आणि खरं आंबवलेलं

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ साली ३६ निरोगी माणसांवर १० आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाला भरपूर तंतू दिले, दुसऱ्याला दही, केफिर (आंबवलेलं पातळ दूध) आणि आंबवलेल्या भाज्या. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यातली विविधता वाढली आणि रक्तातल्या दाहाच्या अनेक खुणा उतरल्या. नुसत्या तंतूंच्या गटात विविधता तेवढ्या काळात वाढली नाही. प्रयोग छोटा आहे, पण ताटात दोन्ही हवीत हे सुचवायला पुरेसा.

आपल्याकडे हा प्रश्न सोपा आहे: घरचं दही. पुण्याच्या डिसेंबरात ते लागत नाही अशी तक्रार दर वर्षी ऐकते, म्हणून जरा बैजवार सांगते. दूध उकळा आणि निवू द्या, इतकं की करंगळी बुडवून दहा मोजेपर्यंत धरता यावी, पण ऊब जाणवावी. साधारण ४० अंश. अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण पुरे. जास्त घातलं तर दही लवकर आंबट होतं आणि पाणी सुटतं. विरजण आधी वाटीत थोड्या दुधात मोडून घ्या, मग पातेल्यात घालून दोनदा ढवळा. मग हलवायचं नाही. मे महिन्यात चार-पाच तासांत लागतं. थंडीत पातेलं तांदळाच्या डब्यात रोवा किंवा जुन्या शालीत गुंडाळून ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. आठ ते दहा तास द्या. लागलं की लगेच फ्रिजमध्ये, आणि उद्याचं विरजण आजच झाकणाच्या छोट्या डबीत काढून ठेवा. सुरी लावल्यावर कड स्वच्छ तुटली आणि बाजूला थोडं पिवळसर पाणी आलं, तर समजा वस्ती धडधाकट आहे.

दुधानं पोट बिघडणाऱ्यांपैकी अनेकांना दही चालतं, कारण दुधातली साखर पचवायला हे जिवाणूच मदत करतात.

आता गैरसमज. कढी छान असते, पण उकळल्यावर त्यात जिवंत जिवाणू उरत नाहीत. इडली-डोसा आंबतो खरा, वाफेत किंवा तव्यावर सगळे मरतात. पचायला हलका होतो, एवढा फायदा घ्या. आपलं कैरीचं लोणचं मीठ, मोहरी आणि तेलावर टिकतं, ते फारसं आंबत नाही. श्रीखंडातली साखर बघता त्याला औषध म्हणणं धाडसाचं आहे (मी खाते, पण औषध म्हणून नाही). ताक, ताकातली ज्वारीची न उकळलेली आंबील, गाजर-बिटाची कांजी, हे खरे उमेदवार.

शिळ्या भाताबद्दल दोन वाक्यं, कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत. भात किंवा बटाटा गार झाला की पिष्टाचा थोडा भाग न पचणारा होतो आणि जिवाणूंना मिळतो, म्हणून फोडणीच्या भाताला मान आहे. पण भात रात्रभर ओट्यावर राहिला तर बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू त्यात विष तयार करतो आणि ते विष फोडणीनं जात नाही. तेव्हा भात उतरल्यावर तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

चौथी पायरी: अँटिबायोटिकशी वागणं

पुणेकरानं अँटिबायोटिकला वाईट म्हणणं कृतघ्नपणा ठरेल. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली ती देशात पेनिसिलिन बनवायला, आणि त्या औषधानं किती बाळंतिणी आणि किती न्यूमोनियाची पोरं वाचली त्याला गणती नाही. प्रश्न औषधाचा नाही, ते कशावर घेतो याचा आहे.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी नुसत्या सर्दी-घशासाठी चौकातल्या एका मेडिकलमध्ये गेले आणि गल्ल्यावरच्या मुलानं तीन गोळ्यांची ॲझिथ्रोमायसिनची पट्टी पुढे केली. शिकलेली बाई, तरी घेतली. उद्या परीक्षेचं पर्यवेक्षण होतं. सर्दी तिच्या वेळेनं सहा दिवसांनी गेली. पोट मात्र तीन आठवडे ताळ्यावर आलं नाही. सर्दी विषाणूची, औषध जिवाणूंवरचं. जे मेले ते माझेच.

ते किती मरतात? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन तगडी अँटिबायोटिक्स दिली होती. दीड महिन्यात वस्ती बरीचशी पूर्ववत झाली, पण आधी सगळ्यांमध्ये असलेल्या नऊ प्रजाती १८० दिवसांनीही सापडल्या नाहीत. वस्ती उठली की मोकळ्या जागेत नको ते येऊन बसतात. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल हा त्यातला सर्वांत कुप्रसिद्ध. अँटिबायोटिकनंतर सुरू होणाऱ्या तीव्र जुलाबांमागे कधीकधी तो असतो. तो वारंवार उलटणाऱ्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये निरोगी माणसाचं मल गाळून आतड्यात सोडण्याचा उपचार करून पाहिला. २०१३ साली निकाल आला: १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे, नेहमीच्या औषधावर १३ पैकी ४. फरक इतका होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. नाक मुरडायच्या आधी विचार करा, हेही एक विरजणच.

तर व्यवहारात काय करायचं:

पाकिटावर डावीकडे उभी लाल रेघ दिसली की ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, "हा आजार विषाणूचा आहे की जिवाणूचा? दोन दिवस वाट पाहिली तर चालेल का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका आणि शेजाऱ्याला तर अजिबात देऊ नका. पण खरं कारण असेल आणि लिहून दिलं असेल, तर पोटाच्या काळजीनं मध्येच सोडूही नका.

औषध चालू असताना साधं, शिजवलेलं, ताजं जेवा, दही-भात चांगला. एक अपवाद ध्यानात ठेवा: सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन दुधातल्या कॅल्शियमला चिकटून बसतात आणि नीट शोषली जात नाहीत, म्हणून ही गोळी आणि दही-दूध यांत निदान दोन तासांचं अंतर हवं.

सोबत प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत उपयोगी जिवाणूंची गोळी किंवा पुडी, घ्यावी का? अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब त्यानं कमी होतात, याला बऱ्यापैकी आधार आहे. पण इस्रायलमधल्या २०१८ च्या एका प्रयोगात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळची वस्ती परतायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. पाहुण्यांनी घर बळकावलं, असं म्हणा. म्हणून माझा हिशेब असा: जुलाबांचा धोका मोठा असेल, वय जास्त असेल, आधी असा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्या. धट्ट्याकट्ट्या माणसानं कोर्स संपल्यावर दुसऱ्या पायरीचा जिना पुन्हा तळापासून चढावा.

बाकीचे उपद्रवी, थोडक्यात

ॲसिडिटीच्या गोळ्या. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी सकाळी चहाआधी, वर्षानुवर्षं, कुणी विचारलं नसताना घेणारे माझ्या ओळखीत डझनभर आहेत. जठरातलं आम्ल हा वरचा पहारेकरी. तो झोपवला की आतड्याच्या संसर्गाचा धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा संधिवाताच्या वेदनाशामकांबरोबर ती मुद्दाम दिलेली असू शकते, म्हणून मनानं बंद करू नका. फक्त पुढच्या भेटीत विचारा: अजून लागते का?

गोडाची नकली पावडर: जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये वजन उतरवायला ती वापरू नका असं सांगितलं. सॅकरिन आणि सुक्रालोजमुळे काही जणांच्या जिवाणूंत आणि साखरेच्या प्रतिसादात बदल दिसले आहेत. पाकीटबंद खाण्यातली काही पायसकारकं (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ) उंदरांच्या आतड्याचा चिकट थर बिघडवतात, हे २०१५ पासून माहीत आहे. माणसांवरचं काम अजून चालू आहे. महिन्यातून एकदा एरंडेल घेऊन 'पोट धुणं' किंवा हल्लीचं 'डिटॉक्स': आतड्याला धुवायची गरज नसते, वस्ती तेवढी वाहून जाते.

आणि आतड्याबाहेरचंही थोडं. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्लता राखून संसर्ग रोखतात. तिथे आतून काहीही, सुगंधी तर मुळीच, धुवायला वापरू नये.

पाणी: पुण्याला वेगळं सांगायला नको

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे (हातापायांची ताकद घालवणारा नसांचा आजार) रुग्ण एकामागून एक सापडू लागले, ते आठवत असेल. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी मिळाला. या जिवाणूच्या आवरणाचा एक भाग आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखा दिसतो. शरीर त्याच्याविरुद्ध शस्त्रं बनवतं आणि क्वचित ती आपल्याच नसांवर चालतात. तेव्हा 'पोटात सगळे जिवाणू चांगलेच' असा अर्थ या लेखातून काढू नका. टँकरचं किंवा विहिरीचं पाणी खळखळून उकळा, चिकन आतपर्यंत शिजवा, कच्च्या चिकनची सुरी कोशिंबिरीला लावू नका. जुलाब झाले तर आधी पाणी आणि क्षार: ओआरएसची पुडी, नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साध्या जुलाबांना अँटिबायोटिक बहुधा लागत नाही.

घरात तान्हं बाळ असेल तर

आईच्या दुधात अशा साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियासाठी असतात. निसर्गानं दुधात बाळाबरोबर त्याच्या जिवाणूंचंही पान मांडलं आहे, याचं मला अजून नवल वाटतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा सल्ला म्हणूनही पक्का. सिझेरियननं जन्मलेल्या बाळांची वस्ती सुरुवातीला वेगळी असते. स्तनपानानं आणि वेळेनं फरक बराच भरून येतो, त्यासाठी आईनं स्वतःला दोष देऊ नये. साधारण तीन वर्षांपर्यंत ही वस्ती मोठ्यांसारखी होत जाते.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. बाळगुटीत मध नको, बोटानं चाटवायलाही नको, वर्षाच्या आत अजिबात नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातली दाटी त्यांना रुजू देत नाही. बाळाच्या आतड्यात जागा मोकळी असते. सासूबाई म्हणतील "आम्ही नाही का चाटवला?" त्यांना आदरानं हेच वाक्य वाचून दाखवा.

विकत घेण्याआधी

प्रोबायोटिकच्या पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव, त्याचा प्रकार दाखवणारे अक्षर-आकडे आणि मुदत संपेपर्यंत जिवंत राहणारी संख्या लिहिलेली हवी. नुसतं 'गुड बॅक्टेरिया' लिहिलं असेल तर खाली ठेवा. एका त्रासावर चालणारा प्रकार दुसऱ्यावर चालेलच असं नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी आणि केमो चालू असणाऱ्यांनी मनानं कधीच घेऊ नये, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मनानं देऊही नये.

घरपोच 'मायक्रोबायोम टेस्ट' हा नवा खर्च. अहवाल रंगीत येतो, पण निरोगी वस्ती म्हणजे नक्की कोणती, याचं एकच माप ठरलेलं नाही. आणि तुलना कुणाशी? गणेशखिंडच्या विद्यापीठ आवारातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१६ सालीच दाखवलं, की भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचं प्रमाण जास्त असतं. तेव्हा परदेशी मापानं तुमचा अहवाल 'बिघडलेला' दिसला, तर तो भाकरी-उसळ खाल्ल्याचा पुरावाही असू शकतो.

आणि डॉक्टरकडे केव्हा

शौचातून रक्त, काळं डांबरासारखं शौच, कारण नसताना उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, वाढत जाणारा रक्तक्षय, किंवा पंचेचाळिशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय: यातलं काहीही असेल तर दही-भाकरीचे प्रयोग बाजूला ठेवून पोटविकारतज्ज्ञ गाठा. हातापायांत मुंग्या येऊन ताकद जाऊ लागली, विशेषतः जुलाबांनंतर, तर त्याच दिवशी रुग्णालय. जाताना पहिल्या पायरीची वही बरोबर न्या, आणि गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याही, ॲसिडिटीची धरून.